जास्तीची फाइल

त्या मेलमध्ये शिव्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर देता येतं. पण तो मेल लहानसा आणि अगदी सभ्य होता. सातासमुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसानं विचारलं होतं, "ही अख्खी फाइल जे काम करते, ते कर्नलच्या सामाईक थरात आधीपासून आहे. तुम्ही परत का लिहिलंत?" मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

आमचं ऑफिस पडेगावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर. कारखान्यातल्या कॉम्प्युटरांना डिस्क जोडायची कार्डं आम्ही बनवतो. ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर मी आणि माझा सहकारी, दोघांनी मिळून लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे कर्नलला आमच्या कार्डाशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, आणि कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. सगळ्याच ड्रायव्हरांना लागणारी कामं त्यात एकाच जागी करून ठेवलेली असतात, तो सामाईक थर. हा गाभा सगळ्या जगाला उघडा आहे. त्यात आपलं काही घालायचं तर ते मेलवर सगळ्यांसमोर मांडायचं आणि ज्याला वाटेल त्यानं त्याची चिरफाड करायची, अशी तिथली रीत. चिरफाडीची आमची तयारी होती. एखाद्या नावावरून बोलतील, जागा कमीजास्त सोडली म्हणून टोचतील, असं आम्ही धरूनच चाललो होतो. कामच फालतू ठरेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि ती फाइल माझी नव्हती, त्याची होती. डिस्कनं वाचून द्यायला नकार दिला तर पुन्हा विचारायचं, तरीही ऐकलं नाही तर कार्ड रीसेट करायचं, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करायचं, हे सगळं त्यानं एकट्यानं लिहिलं होतं. फाइलच्या डोक्यावर फक्त त्याचं नाव होतं. हर्सूलला त्याच्या गल्लीत ही बातमी केव्हाच पोचली होती. त्याच्या आईनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून त्याला इंजिनिअर केलं होतं. जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत लेकाचं नाव जाणार, असं ती भाजीवाल्यालासुद्धा सांगत होती. फाइल गेली की ते नाव गेलं. मला त्या मेलपेक्षा त्या माउलीचीच जास्त धास्ती वाटली.

माझं डोकं लवकर फिरतं. मी बसल्या जागी खरमरीत उत्तर लिहायला घेतलं. तो तेव्हा बिडकीनला गेला होता. तिथल्या एका कारखान्यात आमचं कार्ड बसवलेलं मशीन मधूनच गोठायचं, आणि दरवेळी आम्ही धुळीला नाहीतर उन्हाला दोष देऊन मोकळे व्हायचो. मी फोनवर त्याला आधी तो मेल आणि मग माझं उत्तर वाचून दाखवलं.

"ताई, लगेच पाठवू नका," तो म्हणाला. "आधी माझी फाइल काढून चालवून बघा. डिस्क अडली की मशीन झोपंल. तेच त्यांना दाखवू. भांडायचं कामच नाय."

मला ही युक्ती फारच आवडली. आमच्या कपाटात एक अर्धमेली डिस्क मुद्दाम जपून ठेवलेली असते. आधी त्याच्या फाइलसकट ती लावली. नेहमीप्रमाणे एका खराब जागेवर वाचन अडलं आणि अख्खं मशीन गोठलं. मी खाली जाऊन भजी खाऊन आले तरी ते तसंच होतं; डिस्कच अर्धमेली, एवढा वेळ लागायचाच, असं मी धरलं. मग फाइल काढली. आता मशीन पार झोपणार, त्याचा फोटो मेलला जोडायचा, म्हणून मी मोबाइल सरसावून बसले. डिस्क अडली. कर्नलनं आपण होऊन पुन्हा विचारलं, नकार आल्यावर एका ओळीची तक्रार दाखवली आणि तो पुढच्या कामाला लागला. मशीन चालू, बाकीच्या डिस्क चालू. माझंच काहीतरी चुकलं म्हणून मी सगळं पहिल्यापासून केलं, आणि पुन्हा तेच झालं.

घरात आजारी माणसाला सुनेनं गोळी द्यावी आणि तिला न विचारता लेकीनं येऊन तीच गोळी पुन्हा द्यावी, तसं हे चाललं होतं. कर्नलचा तो सामाईक थर, म्हणजे आमच्या वरचा थर, डिस्कला पुन्हा विचारायचा. त्याच्या प्रत्येक विचारण्यामागं आमचा ड्रायव्हर आपल्या मनानं परत परत विचारायचा आणि वर कार्डही रीसेट करायचा. कार्ड रीसेट झालं की त्यावरच्या धडधाकट डिस्कही थांबायच्या. आम्ही एका फार जुन्या ड्रायव्हरकडं बघून लिहिलं होतं. तो लिहिला गेला तेव्हा वरच्या थरात ही सोय नव्हती, म्हणून त्यानं स्वतःपुरती केलेली. आम्ही ती डोळे झाकून उचलली. बिडकीनचं मशीन धुळीनं नाही, आमच्यामुळं गोठत होतं, आणि तिथल्या माणसांना आम्ही मशीनवर कापड घालायला सांगत होतो!

संध्याकाळी तो आला. मी दोन्ही प्रकार चालवून दाखवले. तो उभ्यानंच बघत राहिला. त्याचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

"म्हणजे दिवसभर तिथं मी ज्याच्याशी झटत होतो, ते माझंच होतं व्हय?" तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून फाइल काढून टाकायला बसला.

"अरे, थांब. थोडं काहीतरी ठेवू. एखादं छोटंसं, कुणाला त्रास न देणारं. वर तुझं नाव राहील."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. "नावापायी लोकांच्या मशिनी अडवू का, ताई?" तो ओरडला. त्यानं फाइल काढली आणि उरलेला ड्रायव्हर, म्हणजे माझा भाग, माझ्या नावानं पुन्हा पाठवून दिला. निदान मदत केली म्हणून तरी नाव घाल, असं मी म्हटलं. त्यात माझी एक ओळपण नाय, असं म्हणून तो घरी गेला. पुढं ड्रायव्हर स्वीकारला गेला. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं. कोणतं खोटं सांगायचं ते मी रस्ताभर मनात घोळवत गेले. आम्ही दोघं ताटावर बसलो, आई गरम भाकरी वाढत होती, तेवढ्यात शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "आलं का वो पोराचं नाव कम्प्युटरात?"

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. मीच घाईघाईनं म्हणाले, "अजून थोडं थांबावं लागेल, काकू. तिकडं वेळ लागतो."

"कशाला थांबायचं?" त्याची आई म्हणाली. "नाय येणार नाव. ते काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं होतं, याचं जास्तीचं झालं. लोकांच्या मशिनी अडत होत्या. म्हणून यानंच सोताच्या हातानं काढलं."

त्यानं आईला सगळं सांगितलं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. शेजारीण निघून गेली. आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुमाला तर सगळं ठाव होतं ना, मॅडम? मग थांबा कशाला म्हणालात?"