दोंडाईच्याची हवा आणि सुरतेत गेलेले महिने

माझी पुतणी डॉ. गौरी हिचा प्रबंध महिनाअखेरीस सादर व्हायचा होता आणि त्याचा निष्कर्ष तिला स्वतःलाच पटत नव्हता. म्हणून आम्ही नाशिकहून खानदेशात निघालो.

पार्श्वभूमी अशी. हवेतील धुळीच्या सार्वजनिक नोंदी कुणालाही विनामूल्य मिळतात. मात्र प्रत्येक यंत्राची फाईल वेगळी, तारखांची पद्धत वेगळी, गावांची नावे तीन तऱ्हांनी लिहिलेली. आजारांचा अभ्यास करणारा डॉक्टर तिथेच थकतो. मी वाणिज्य पदवीधर. आयुष्य ताळेबंदांत गेलेले. त्या सगळ्यातून मी गावनिहाय, महिनानिहाय एकच तक्ता बांधला. गौरीने त्याला नवजात बाळांची वजने जोडली. उत्तर आले : धुळीचे गाव असो वा स्वच्छ, बाळांच्या वजनात फरक नाही. तक्त्यातील गावे एकदा डोळ्यांनी पाहावीत, असे तिला वाटू लागले.

धुळ्यापर्यंतचा महामार्ग उत्तम आहे. पहाटे निघाल्यास न्याहारी धुळ्यात होते. धूळ मोजणारे यंत्र एका इमारतीच्या गच्चीवर आहे. समोरच्या चहावाल्याला मी त्याविषयी विचारले.

"धूळ मोजतात म्हणे," तो म्हणाला. "धुळ्यात धूळ मोजायला पेटी लागते का, साहेब? माझ्या कपात बघा!"

चहा मात्र फक्कड होता.

पुढे चिमठाण्यावरून दोंडाईचा. हा रस्ता अरुंद आहे, अंधार पडण्यापूर्वी उरकावा. हिवाळ्याचे दिवस असल्याने मैदानांत लाल मिरची वाळत पडली होती; काचा बंद असूनही आम्ही दोघे शिंकत गावात शिरलो. स्टेशनजवळ हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते. रात्री शेवभाजी घेतली. तिखट कमी सांगूनही कमी होत नाही, हे गृहीत धरावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका अक्कांकडे गेलो. त्यांची लेक वैशाली आणि तिचे बाळ आमच्या तक्त्यात होते. अक्का शेजारणींसोबत ओट्यावर मिरचीचे देठ खुडत होत्या.

गौरीने विचारले, "अक्का, वैशालीला गरोदरपणी या मिरचीचा त्रास झाला का?"

"तिले कसाना तरास? ती ते सुरतले व्हती! सातवा महिना सरना, मंग जावाईनी गाडीमा बसाडी दिधी. बाळतपन आठे दोंडाईचाले व्हयनं."

"पण दवाखान्यात पत्ता दोंडाईच्याचा दिला आहे," मी म्हणालो.

"मंग? संगे मी व्हती, मी मना घरनाच पत्ता सांगसू ना!" अक्का हसू लागल्या. "पहिलं बाळतपन मायना घर ऱ्हास, बठ्ठा गावले माहीत शे. तुम्हना घर पोरी नहीत का, भाऊ?"

शेजारणींना हसायला तेवढे पुरले. मला मुलगी आहे आणि तिचा जन्म मालेगावचा, माझ्या सासुरवाडीचा. ही रीत मला पूर्ण ठाऊक होती. तक्ता करताना ती एकदाही आठवली नाही. सुरतेत काढलेले महिने आम्ही दोंडाईच्याच्या हवेत मोजले होते.

शिरपूरमार्गे चोपड्याला गेलो. एका बाजूला सातपुडा, दुसरीकडे केळीचे मळे. मार्ग रमणीय आहे, आमचे लक्ष नव्हते. तिथल्या पहिल्याच घरातील लेक बाळंतपणापूर्वी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होती. आमच्या तक्त्यात ती चोपड्यातच होती.

जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत होते. मी सुचवले, "एक तळटीप देऊन टाक. आकडे जुळतात ना?"

"काका, तुमचे आकडे बरोबरच आहेत. बायकांना आपण चुकीच्या गावात ठेवलंय."

भाकरी तशीच ठेवून तिने मार्गदर्शकांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"निष्कर्ष मागे घेतलास तर पदवी सहा महिने लांबेल. नोकरीचं बोलणं झालंय ना तुझं?"

"झालंय, सर. त्यांना कळवते."

"ते थांबतील?"

"माहीत नाही, सर."

फोन ठेवून तिने ठेचा मागितला. परतीच्या वाटेवर ती गाडीत बहुतेक वेळ झोपली होती.

घरी येऊन मी तक्ता मोडला आणि पुन्हा बांधला. आता त्यात प्रसूतीच्या गावाचा रकाना निराळा आणि गरोदरपणीच्या गावाचा निराळा आहे. कुणाही अभ्यासकाला तो घेता यावा म्हणून या ब्लॉगवर ठेवला आहे. वापरण्यापूर्वी बाळाच्या आईला काय विचारावे, ते त्याच्या माथ्यावरच लिहिले आहे. नोकरीवाले थांबले नाहीत. गौरी रोज दुपारी, बायकांची कामे आटोपल्यावर, एकेकीला फोन लावून गरोदरपणीच्या गावाचा रकाना भरते.

धुळीचा आणि बाळांच्या वजनाचा संबंध आहे की नाही, हे आज आम्हाला सांगता येत नाही. या प्रवासापूर्वी मात्र ‘संबंध नाही’ असे आम्ही छापायलाच निघालो होतो.