कासारवाडी स्टेशनवरचा एक तास

ती घटना आठवली नाही असा एक आठवडा जात नाही. नोकरीत खुनाचे बरेच गुन्हे उघडकीस आणले. त्यातल्या कित्येक फिर्यादींचे चेहरेसुद्धा आता डोळ्यांसमोर येत नाहीत. या गुन्ह्याचा मात्र तपास लागला, आरोपीला शिक्षा झाली, कागदोपत्री सगळं मिटलं, तरी माझ्या मनातून तो काही गेलेला नाही. यात मी कोणाचंही नाव घेणार नाही.

तेव्हा मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. या भागात ठाण्याचा फोनसुद्धा शिफ्टच्या वेळा पाळतो. शिफ्ट सुटताना आणि भरताना भांडणं, अपघात, मोबाइल चोरीच्या तक्रारी एकदम येतात. त्या दिवशी फोन आला तो सकाळच्या शिफ्टचा. एका लहानशा गाळ्यात पॉवर प्रेसवर गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनत. कामगार कामावर आले तर मालक काचेच्या केबिनमध्ये मरून पडलेला. डोक्यावर एकच घाव, जड लोखंडी वस्तूचा.

पंचनामा चालू असतानाच आम्हाला एक नाव मिळालं. त्या गाळ्यात एक ऑपरेटर होता, मराठवाड्यातून आलेला, तिशीचा. चार महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. हात मध्ये असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून मशीनला सेन्सर असतो. काम भराभर व्हावं म्हणून तो काढून ठेवला होता, असं त्याचं म्हणणं. खुनाच्या तीन दिवस आधी सगळ्यांसमोर तो मालकाला म्हणाला होता, "एकदा तुमचा हात घालून बघा, म्हंजे कळंल." खुनाच्या दिवशी तो कामावर आलाच नाही. खोलीला कुलूप, मोबाइल बंद. आणि त्या दिवशी आम्ही पाहिलं तेव्हा मशीनला सेन्सर जागच्या जागी बसवलेला होता. म्हणजे हा माणूस खोटारडाही आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

गाळ्यात मालकाचा मेहुणा भागीदार होता. तो राहायला रावेतला. खबर कळताच तो अर्ध्या तासात पोहोचला, बहिणीला सावरलं, आम्हाला कामगारांची यादी काढून दिली. त्यानंतर तो रोज ठाण्यात यायचा. तपास कुठपर्यंत आला, तो ऑपरेटर सापडला का, एवढंच विचारायचा. घरातलं माणूस गेलेले लोक असं का झालं, कोणी केलं, शेवटी काही बोलले का, हे पुन्हा पुन्हा विचारतात. हा ते कधीच विचारत नव्हता. हे मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

तीन आठवडे आम्ही त्या ऑपरेटरच्या मागे होतो. त्याची बहीण थेरगावला डांगे चौकाजवळ राहायची. माझ्या एका हवालदाराने तिच्या घराची झडती घेतली आणि तिच्या नवऱ्याला दोन दिवस चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवलं. हे माझ्याच आदेशाने झालं. हाती काही लागलं नाही. वरून रोज विचारणा होत होती. मला जेवण जाईना. घरी बायकोशी नीट बोलत नव्हतो, ठाण्यात बारनिशीवर आवक-जावक टपाल बघणाऱ्या पोरीवरसुद्धा उगाच ओरडायचो.

अशात एका रविवारी दुपारी एक वार्ताहर माझ्या केबिनमध्ये आले. पिंपरी-चिंचवडमध्ये पंचवीस-तीस वर्षं गुन्हेगारीच्या बातम्या करणारा माणूस. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. रोज सकाळी ते ठाण्यात येत, स्टेशन डायरीत काय आहे ते विचारत, चहा घेत आणि जात. छापू नका म्हटलेलं त्यांनी कधी छापलं नव्हतं आणि खोटं सांगितलं तर ते त्यांना लगेच कळायचं. त्या दिवशी त्यांनी चहा नको म्हटलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

त्या ऑपरेटरचा त्यांना फोन आला होता. बोटं गेली तेव्हा भाऊंनी रुग्णालयात जाऊन त्याची मुलाखत घेतली होती, अशा अपघातांवर ते लिहीत होते. तेव्हा दिलेला नंबर त्याने जपून ठेवला होता. त्याला हजर व्हायचं होतं, पण आधी त्याला भाऊंना सगळं सांगायचं होतं. पोलिसांपुढे एकट्याने गेलो तर कोणी ऐकून घेणार नाही, असं त्याला वाटत होतं.

"चार वाजता कासारवाडी स्टेशनवर येतोय," भाऊ म्हणाले. "साहेब, मला एक तास द्या. त्याचं ऐकून घेतो आणि पाच वाजता मीच त्याला तुमच्यासमोर आणून उभा करतो. माझ्यामागे कोणाला पाठवू नका."

मी म्हणालो, "शब्द दिला."

ते गेले आणि मी उठून येरझाऱ्या घालू लागलो. तीन आठवडे हुलकावणी देणारा माणूस तासाभराच्या अंतरावर होता. आता तो निसटला आणि नंतर कोणाला कळलं की ठिकाण मला माहीत होतं, तर काय उत्तर देणार होतो? भाऊंना त्याने फसवलं तर? वीस मिनिटं मी स्वतःशी असा वाद घातला. मग दोन माणसांना साध्या वेशात जायला सांगितलं. लांब थांबा, हात लावू नका, फक्त नजर ठेवा, एवढंच बजावलं. शब्द मोडला असं तेव्हा वाटलं नाही. खबरदारी घेतली, असं वाटलं.

त्या दोघांत एक तोच हवालदार होता, थेरगावला झडतीला गेलेला. आसपासच्या गावातला, या भागाची खडान्‌खडा माहिती असलेला, म्हणून मी त्याला निवडलं. बहिणीच्या घरी भिंतीवर भावाचा फोटो होता आणि तो बघून हवालदाराला त्याचा चेहरा माहीत झाला होता, हे माझ्या लक्षात होतं. झडतीच्या वेळी तो ऑपरेटर समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून सगळं बघत होता आणि हवालदाराचा चेहरा त्यालाही माहीत झाला होता, हे मला कुठून माहीत असणार?

साडेचारच्या आत फोन आला. हवालदाराचा होता. "साहेब, त्यो आमाला बघून पळाला. रुळात उडी टाकली. समोरनं गाडी आली."

मी पोहोचलो तोवर त्याला रुग्णालयात नेलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. जिवाचं काही सांगता येत नव्हतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर भाऊ बसले होते. शर्टावर रक्त होतं, त्यांनीच त्याला उचललं होतं. मी शेजारी बसलो. मग त्यांनी खिशातून एक मोबाइल काढला आणि आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला.

"त्याने पहिल्या दहा मिनिटांतच हा माझ्या हातात दिला," ते म्हणाले. "पंच बोलवा. रीतसर ताब्यात घ्या. आणि यातले फोटो बघा."

त्या मोबाइलमध्ये खुनाच्या सकाळचे सहा फोटो होते. ऑपरेटर त्या दिवशी इतर कामगार यायच्या आधी गाळ्यात गेला होता, तो कारखाना निरीक्षकांकडे तक्रार करायची म्हणून पुरावा घ्यायला. शटर अर्धं उघडं होतं. पहिल्या फोटोत प्रेस होती, तिचा सेन्सर काढलेला आणि वायरला लोंबकळत असलेला. चौथ्या फोटोत मागची काचेची केबिन आली होती. आत दोन माणसं उभी होती. एक मालक. दुसऱ्याचा चेहरा अर्धाच होता, पण ओळखायला पुरेसा होता. त्या वेळी आपण रावेतला घरी झोपेत होतो, असा जबाब मेहुण्याने सहीनिशी दिला होता.

मी ठाण्यात आलो, पंचनाम्याचे आमचे फोटो काढले आणि दोन्ही शेजारी ठेवले. त्याच्या फोटोत सेन्सर लोंबकळत होता. आमच्या फोटोत, जेमतेम दोन तासांनंतरच्या, तोच सेन्सर नवे चकचकीत बोल्ट लावून बसवलेला होता. तीन आठवडे ते बोल्ट माझ्या टेबलाच्या खणात पडून होते आणि मी ते पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा नेहमीप्रमाणे आला. तो सापडला म्हणे, जगेल का, असं त्याने विचारलं. मी त्याला बसवलं. फोटोंचा विषय काढला नाही. त्या सकाळचं पुन्हा एकदा सांगा म्हटलं. त्याने सांगितलं, पहिल्या जबाबातल्याच शब्दांत, पाठ केल्यासारखं. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, काहीतरी आठवतं, काहीतरी सुटतं. याचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. मग मी सहज म्हणावं तसं म्हणालो की तो ऑपरेटर सेन्सर नव्हता म्हणतोय.

"साफ खोटं," तो म्हणाला. "त्या दिवशी सेन्सर लावलेला होता. मी स्वतः बघितलाय."

"कधी बघितला?"

तो आल्यावर बघितला म्हणाला. आल्यावर आम्ही त्याला गाळ्यात सोडलंच नव्हतं, तो बाहेर बहिणीजवळ होता, हे माझ्या माणसांनी नोंदवून ठेवलं होतं. मी ते त्याला सांगितलं आणि दोन्ही फोटो समोर ठेवले. त्याने आधी सेन्सर पाहिला, मग काचेमागचा चेहरा. पाणी मागितलं. ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतर त्याने तासाभरात सगळं सांगितलं. सेन्सर त्यानेच काढायला लावले होते. ऑपरेटरची बोटं गेल्यापासून मालक अस्वस्थ होता. तीन दिवसांपूर्वीचं ते बोलणं त्याच्या फार मनाला लागलं होतं. त्या सकाळी त्याने मेहुण्याला लवकर बोलावलं आणि सांगितलं की सेन्सर बसल्याशिवाय आजपासून एकही प्रेस चालणार नाही, आणि निरीक्षकांना मीच सगळं सांगणार आहे. भांडण झालं. प्रेसमधला साचा, म्हणजे डाय, सरकवायची पहार मेहुण्याच्या हाती लागली आणि तीच त्याने मालकाच्या डोक्यात घातली. नंतर त्याने सेन्सर बसवला, म्हणजे मशीनचा ठपका कोणावर येणार नाही. पहार त्याने गाळ्यामागच्या नाल्यात टाकली होती. पंचांसमोर त्यानेच ती काढून दिली.

ज्या मालकावर तो ऑपरेटर चिडला होता, तो मालक त्याचंच म्हणणं खरं मानून मेला, हे ऑपरेटरला मी रुग्णालयात सांगितलं. तेव्हा कुठे त्याला बोलता येऊ लागलं होतं. तो छताकडे बघत म्हणाला, "आवाज ऐकून मी मागल्या दारानं गेलो साहेब. थांबलो असतो तर मालक वाचले असते का?" तो मला पायाबद्दल काही विचारेल म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्याने तो विषयच काढला नाही.

मेहुण्याला जन्मठेप झाली. ऑपरेटर कृत्रिम पाय लावून साक्षीला उभा राहिला. माझं वरून कौतुक झालं. कासारवाडीच्या प्रकाराचा अहवाल मात्र मलाच लिहायचा होता. त्यात मी लिहिलं: 'संशयित इसम पोलिसांना पाहून पळून जाण्याच्या प्रयत्नात जखमी झाला.' या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. भाऊंना दिलेल्या शब्दाचा उल्लेख मी कुठेही केला नाही. भाऊंनी आपल्या बातमीत तो केला. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि त्यांनी सकाळचा चहा. दुसऱ्या कोणाला तरी ते पाठवू लागले.

निवृत्तीनंतर मध्यंतरी त्यांचा फोन आला. ते आता जुन्या तपासांवर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतात आणि लोक मोबाइलवर त्या ऐकतात. ते घरी आले, कॅमेरा लावला. केस पूर्ण पांढरे झालेले. मी दोन तास बोललो. दरोडा सांगितला, अपहरण सांगितलं. शेवटी त्यांनी कासारवाडीबद्दल विचारलं. मी पुन्हा त्या दरोड्याकडे वळलो. त्यांनी कॅमेरा बंद केला.

"बाकीच्या केस मी तेव्हाच छापल्यात साहेब," ते म्हणाले. "ही तुमच्या तोंडून ऐकायला आलो होतो."

त्या दिवसानंतर मला घरात बसवेना. आठवडाभराने मी त्या ऑपरेटरचा पत्ता काढला. तो एका कंपनीच्या गेटवर गाड्यांच्या नोंदी करतो, डाव्या हाताने लिहायला शिकला आहे. त्याने ओळखलं, खुर्ची दिली. मी सांगितलं की त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर यायच्या आधी मी भाऊंना शब्द दिला होता आणि तो मोडला, आणि अहवालात ते लपवलं. तपासात घाई करू नये हे मी पुढे अनेक तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं, पण खरी चूक घाईची नव्हती. ज्याचं नाव पहिल्या दिवशी आलं, त्याला माणूस म्हणून ऐकायचं मी तेव्हाच बंद केलं होतं, आणि असल्या माणसाच्या बाबतीत दिलेला शब्द मला शब्दच वाटला नाही. हेही मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "मला ठाऊक हाय साहेब. भाऊंनी कवाच सांगितलंय."

मग म्हणाला, "बहिणीच्या सासरी आजून म्हंत्यात, काय केलं नव्हतं तर पळाला कशाला. कोर्टाचा कागद दावला तरी तेच म्हंत्यात. तुमी हे लिहून द्या."

मी कोणाच्या नावे लिहू, विचारलं. तो म्हणाला, कोणाच्याबी नावानं नको, लोकांनी वाचलं पायजे.

म्हणून लिहून देतो की तो माणूस त्या दिवशी कासारवाडी स्टेशनवर स्वतःहून पोलिसांत हजर होण्यासाठी आला होता. त्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. त्याला एक तास मिळेल असं मी कबूल केलं होतं आणि तीस मिनिटांच्या आत माझी माणसं त्याच्यासमोर उभी होती. पोलिसांना भिण्याचं त्याला पुरेपूर कारण होतं आणि ते कारण मी दिलेलं होतं. हा माझा जबाब मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. वाचून पाहिला, बरोबर आहे.