सोनबांच्या फुप्फुसातला डाग

शिवथरचे सोनबा खोकायचे तेव्हा थुंकी तांबूस पडायची, गंजाच्या पाण्यासारखी. महाडच्या डॉक्टरांनी क्षय समजून गोळ्या दिल्या. त्या संपल्या, खोकला राहिला. मग मुंबईच्या रुग्णालयात स्कॅन झालं, उजव्या फुप्फुसात डाग दिसला आणि कॅन्सर असावा असं सांगण्यात आलं. सुईने काढलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. तरी तो नाहीच, असंही कुणी म्हणेना. फुप्फुसाचा खालचा भाग काढायचं ठरलं.

"हाय का नाय, ते तरी सांगा," सोनबा ज्याला त्याला विचारत.

"काढून तपासल्यावर कळेल."

"कलिंगड हाय काय, कापून बघायला?" त्यांच्या बायकोने, गोदूबाईने, सुनावलं.

शस्त्रक्रियेआधी एका डॉक्टरीणबाईंना रक्ताच्या अहवालात काही खटकलं. "काका, कच्चे खेकडे खाता?"

"छ्या! कच्चं कोण खातं? आमच्यात कालवण करतात."

"अवो, खोकल्याचं औषध सांगा ना त्यांना," गोदूबाई म्हणाल्या.

"त्यांनी खायचं इचारलं. औषध कुठं इचारलं?"

वहाळातला खेकडा पाट्यावर वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि मीठ घालून तो रस कच्चाच प्यायचा. शिजवला की गुण जातो, असा घरातला समज. सोनबा आधी साध्या खोकल्यासाठी प्याले. पुढे खोकला वाढला, तशी गोदूबाईंनी वाटी मोठी केली.

थुंकी पुन्हा तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी दिसली. खेकड्यातून पोटात गेलेला कृमी फुप्फुसात ठाण मांडून होता. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या स्कॅनमध्ये डाग आक्रसला होता.

गावात बातमी पोचली ती निराळीच: खेकड्याच्या रसाने कॅन्सर गेला. शेजारचा चांगू खोकत अंगणात आला, हातात खेकड्यांची पिशवी.

"तुला गुण आला. मला पण वाटून दे वयनीकडून."

"अरे, त्यानंच दुखणं लागलं."

"मग गेलं कशानं?"

"गोळ्यांनी."

"कॅन्सर गोळ्यांनी जातो?"

"कॅन्सर नव्हताच रे."

"मग ते कापणार काय होते?"

गोदूबाईंनी चांगूच्या हातून पिशवी घेतली आणि चुलीवर पातेलं चढवलं.

"कालवण करते. गुण गेला तर गेला."