गोल ओट्याचा मिस्त्री

कारखान्यात भुसा आणि किस्से दोन्ही रोज झाडावे लागतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग तयार! लातुरात औसा रोडला इरफानभाईंचा फर्निचरचा कारखाना आहे. तिथं मी वीस वर्षं हेडमिस्त्री. त्यामुळं किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. पण हल्ली कुठलाही सांगायला घेतला की त्यात मिलिंद येतोच. आणि मी जळतो. खोटं कशाला बोलू? ॲसिडिटीची गोळी रोज घेतो, त्यातली निम्मी त्याच्या नावाची असते!

*

मिलिंद नायगावचा. नांदेडला काम शिकून आमच्याकडे आला. तिशीचा माणूस, बोलणं कमी. आला त्या दिवशी मी नुकताच पुरा केलेला डायनिंग टेबल मधोमध उभा होता. त्यानं डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबला.

"मामा, हितं बसलंय."

"काय बसलंय?"

"अर्धा सूत."

अर्धा सूत म्हणजे रुपयाच्या नाण्याची जाडी! मी तावातावानं पोलादी पट्टी लावली. पट्टीखालून उजेड दिसला. लाकूड तिथं खाली बसलं होतं!

"क्या हाथ है रे!" इरफानभाई म्हणाले. वीस वर्षांत माझ्या हाताला कुणी असं म्हटलं नव्हतं. तेव्हापासून माझं कुठलंही काम झालं की मी वाट बघायचो, हा हात फिरवतो का. तो फिरवायचा, आणि दर वेळी कुठंतरी थांबायचा. मेला!

*

मग डॉक्टरीणबाईंचा बंगला आला. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. किचनच्या मधोमध सुटा ओटा, त्याला त्या आयलंड म्हणायच्या. पुढची बाजू अर्धगोल आणि त्यावर उभ्या सागवानी पट्ट्या.

"जमेल ना?"

"होऊन जाईल मॅडम!" मी म्हणालो. मिलिंदनं तोंड उघडायच्या आत म्हणालो!

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वास्तुशांतीला घरमालक मुख्य मिस्त्रीला सगळ्यांसमोर बोलावतो, फेटा बांधतो, टॉवेल-नारळ देतो. वीस वर्षांत तो फेटा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलेला नाही. गोल ओटा मिलिंदनं केला असता तर फेटाही त्याचाच झाला असता. मला ते नको होतं, बस्स.

*

गोलाईसाठी वाकणारा प्लाय मिळतो. तो एकाच बाजूनं वाकतो, हे मला ठाऊक होतं. कुठल्या बाजूनं, ते बघायचं घाईत राहिलं. सगळे तुकडे कापून झाल्यावर ओट्याच्या सांगाड्याला लावायला गेलो, तर प्लाय गोल वळेचना. वरून खाली मात्र झक्क वाकत होता!

मिलिंदनं एक तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "मामा, वटा आडवा निजवला तर बसतंय की!"

इरफानभाई हसून हसून स्टुलावरून खाली आले. डोळे पुसत म्हणाले, "मिलिंद, तू कर रे बाबा हे." झालं! ओटा गेला.

*

पण मी काय स्वस्थ बसणार? मिलिंद काम करायचा आणि मी सनमायका शोधायच्या निमित्तानं मागं उभा राहून बघायचो. आधी साचा, त्यावर प्लायचे दोन थर, मधे ग्लू, वरून दोऱ्या. एवढंच ना! म्हटलं, घरी करून बघू.

घरी गोल म्हणावं असं एकच होतं, ज्वारीची पत्र्याची कोठी. तिच्याभोवती थर गुंडाळले, दोऱ्या करकचून आवळल्या. दुसऱ्या दिवशी दोऱ्या सोडल्या. गोलाई इतकी सुंदर की बघत राहावं! फक्त ती कोठीपासून सुटेना. मिलिंद साचा आणि प्लायच्या मधे प्लास्टिकचा कागद घालायचा, तो मी पाहिलाच नव्हता.

त्यात ज्वारी काढायचं कोठीचं खालचं तोंड नेमकं प्लायखाली! सुशीला, म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट, परात घेऊन उभी.

"काय करून राहिले हो हे?"

"प्रॅक्टिस."

"मग आता भाकरी त्या मिलिंदकडनंच आणा!"

तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी घरात मिलिंदचं नावही घेत नव्हतो. ती म्हणते, झोपेत घेतो!

*

ओटा बंगल्यावर बसवायच्या दिवशी मी इरफानभाईंच्या मागं लागलो. एक तरी पट्टी मला बसवू द्या. मिलिंद म्हणाला, "बसवू द्या की, भाई. मामाचा हक्क हाय."

हक्क म्हणे! तरी मी घेतली. गोलाई जिथं संपते आणि सरळ बाजू सुरू होते, तिथली पट्टी. सकाळपासून दुपार टळेपर्यंत त्या एका पट्टीवर होतो. रंधा, पॉलिश पेपर, पुन्हा रंधा. आयुष्यात कुठल्या पूर्ण कपाटाला एवढं जपलं नसेन. आणि झाल्यावर वळून बघतो तर मिलिंद नाही. इरफानभाईंनी त्याला किल्लारीच्या कामावर धाडलं होतं. हात न फिरवताच गेला! मला एवढं लागलं की मी चहासुद्धा घेतला नाही.

*

वास्तुशांतीला गेलो तेव्हा मिलिंदची किल्लारीची बस यायची होती. किचनमध्ये पाहुणे दाटीवाटीनं उभे. बाईंचे यजमान डॉक्टरसाहेब मोठ्यानं म्हणाले, "हा गोल ओटा ज्यांनी केला, ते मिस्त्री पुढे या!"

इरफानभाई बाहेर मांडवात होते. बाकी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मागं पाहिलं. मागं फ्रिज होता.

मी गेलो पुढं!

फेटा बांधला, टॉवेल-नारळ हातात आले. डॉक्टरांच्या आईनं विचारलं, "लाकूड एवढं वाकविलं कसं हो?" मग काय! साचा, थर, ग्लू, दोऱ्या. मधे प्लास्टिकचा कागद घालायला विसरायचं नाही, हेसुद्धा सांगितलं. लोक माना डोलवत होते. आणि दारात मिलिंद उभा होता. हातात बॅग, केसांवर धूळ. किती वेळचा उभा होता, कोण जाणे.

म्हातारीनं त्याला विचारलं, "तू कोण रे बाबा?"

"मी मामाच्या हाताखाली हाय, आजी."

माझ्या डोक्यावरचा फेटा एकाएकी जड झाला. मिलिंद पुढं आला. ओट्याजवळ थांबून त्यानं डोळे मिटले आणि एका टोकापासून गोलाईवरून तळहात फिरवत निघाला. माझ्या पट्टीवर आला. पुढं गेला. परत मागं आला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "हितं काईच बसलं न्हाई."

मी फेटा काढायला हात वर नेला, तेवढ्यात डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अहो राहू द्या, राहू द्या! फोटो काढायचाय!"

तो फोटो इरफानभाईंनी फ्रेम करून कारखान्यात लावलाय. मी फेट्यात मधोमध आहे. मिलिंदचा फक्त हात आलाय, त्या पट्टीवर.