आधी जग, मग कोर

एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी विशाखाची लेक रिया त्या दिवशी फोनवर मराठीत म्हणाली, "मावशी, आई गेली." बहुधा वाक्य मनात जुळवून तिने फोन केला होता... त्याला सहा आठवडे झाले. चारचौघांत गोष्टी रंगवून सांगणारी मी. पण विशाखाची गोष्ट सांगायला बसले की थकायला होतं.

अर्धा भारत विद्यार्थी होऊन ऑस्ट्रेलियात उतरत होता, तेव्हाच्या एका जुलैत आम्ही दोघी एकाच दिवशी क्लेटन उपनगरातल्या भाड्याच्या घरात आलो. पाच मुली, बाथरूम एक. नागपूरची विशाखा हॉस्पिटलच्या नोंदी ठेवण्याचं शिकत होती. युनिव्हर्सिटीत हौसेने तिने प्राचीन इजिप्त हा विषय घेतला आणि सेशात घरी आली. लेखनाची देवी. डोक्यावर सात पाकळ्यांचं फूल, अंगावर बिबट्याचं कातडं, हातात खजुराच्या झावळीचा दांडा. त्यावर ती राजाची वर्षं खाचा पाडून नोंदवते. मी ताबडतोब ठिपक्यांची चादर पांघरून, अंबाड्यात झारा खोचून देवी झाले. विशाखा हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आमच्या घरी देव नाहीत. पण ही पूजा मागत नाही, नोंद ठेवते. चालेल."

मग ती कुठूनसा झावळीचा दांडा घेऊन आली. आम्ही आलो त्या तारखेला दरवर्षी एक खाच, भाजीच्या सुरीने. मी वात्रटपणे पुढच्या वर्षाचीही पाडायला गेले, तर तिने हात धरला. "आधी जग, मग कोर."

पुढे ती डार्विनला हॉस्पिटलात लागली, दांडाही गेला. दर जुलैत ती फोनवर मला सुरीची खरखर ऐकवायची.

या मार्चमध्ये डार्विनला जाऊन तिला भेटले तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आणि ती फार वाळली होती. तिने दांडा आणि सुरी माझ्यापुढे सरकवली. "यंदाची आत्ताच पाड ना." मला कळलं. कळलं म्हणूनच मी तिचाच आवाज काढून म्हटलं, "आधी जग, मग कोर." ती हसली, सुरी बाजूला ठेवली. "बरं." त्या 'बरं'ने मी अजून दमते...

दांडा आता माझ्या टेबलावर, पेनांच्या मगात उभा असतो. रियाने पाठवला. परवा ती तारीख आली. रियाला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि सुरी चालवली.

मग ती म्हणाली, "डीपर, मावशी."

मी पुन्हा सुरी टेकवली.