चार बोटं अंतर

माईकच्या जाळीला एक वास असतो. हातात घेऊन नाकाजवळ आणल्याशिवाय तो कळत नाही, त्यामुळे तो ठाऊक असणारी माणसं थोडीच. पानाचा, लवंगेचा, तंबाखूचा, गंजू लागलेल्या लोखंडाचा आणि त्या सगळ्यांच्या तळाशी दमट असा, कुणा एकाचा नसलेला वास. जितकी तोंडं त्या जाळीसमोर उघडली, त्या सगळ्यांनी आपापला थोडा श्वास तिथं ठेवलेला असतो. पुढाऱ्यांनी, भटजींनी, नवरीच्या मामाला हाका मारमारून घसा बसलेल्यांनी. आज दुपारी शिरूरच्या बाहेर, नगर रस्त्याला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयात मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. झेंडूच्या माळांवर पाणी मारून झालं होतं, अक्षता वाटून झाल्या होत्या, मुहूर्ताला अवकाश होता. माईक अजून बंद होता. सवयीनं मी तो नाकाशी नेला, आणि विसाव्या वर्षातली एक दुपार जशीच्या तशी अंगावर आली.

मी लाजाळू होते असं म्हटलं तर ते फार सौम्य होईल. एसटीत माझं गाव आलं तरी कंडक्टरला ‘थांबवा’ म्हणायला माझी जीभ उचलत नसे. कुणी दुसरं उतरणारं असेल तर त्याच्या मागोमाग उतरायचं, नाहीतर पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन उन्हातून चालत परत यायचं. दुकानात गर्दी असली की मी सामान न घेताच घरी यायचे आणि दुकान बंद होतं असं सांगायचे. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला वर्ष संपेपर्यंत माझा आवाज नीट ठाऊक नव्हता. आईनं या सगळ्यावर ‘ती अबोल हाय’ असं एक पांघरूण घातलं होतं. पण अबोल माणसाला बोलायचं नसतं. मला बोलायचं होतं. वाक्यं मनात तयार असत, धुतलेली, घडी घातलेली, आणि ती तशीच घडीत राहत. मैत्रीण म्हणावी अशी एकही नव्हती, आणि ते दुःख मी कुणाला सांगणार होते, सांगायला आधी मैत्रीण लागते.

मामाचं गाव घोडनदीच्या काठाला. मळ्यात शेवंती, झेंडू, वांगी, टोमॅटो. मामेभावाचं लग्न घरापुढच्या रानातच होतं. आमच्या भागातल्या लग्नांत मुहूर्त भटजी काढतात, पण अक्षता पडतात त्या पुढारी आल्यावर. त्या दिवशीही पुढारी यायचे होते आणि खुर्च्यांवरची माणसं चुळबुळत होती. अशा वेळी माईक ज्याच्या हाती असतो तो मांडवाचा राजा. आमच्याकडे ते राज्य दाजींचं होतं. दाजी म्हणजे मामाचे थोरले जावई, माझ्या मामेबहिणीचे यजमान. देखणे, हजरजबाबी, प्रत्येक लग्नात माईक आपोआप त्यांच्याकडे जाई. कडेवर त्यांची वर्षाची मुलगी होती, आणि एका हातानं तिला सांभाळत ते लोकांना हसवत होते. सगळ्यांची थट्टा करून झाली आणि त्यांची नजर बायकांच्या रांगेत माझ्यावर आली.

“आता आमची मेव्हणी दोन शब्द बोलणार,” ते म्हणाले. “ये ये, लाजू नको.”

दोघींनी मला दंडाला धरून पुढे ढकललं. मी वर गेले. पुढे हजारभर डोकी, तितके फेटे, तितके पदर. माझ्या तोंडातून काही बाहेर येईना. दाजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माईक माझ्या ओठांना टेकवला. घाबरलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते त्या दिवशी सगळ्या शिवारानं ऐकलं. घरघर करत, तुटत, मोठमोठ्या कर्ण्यांतून तो थेट नदीपर्यंत गेला.

“ऐका मंडळी,” दाजी म्हणाले, “श्वास चालू हाय. म्हंजी जिवंत हाय.”

मांडव हसला. माझी आई हसली नाही, पण तिनं मानही वर केली नाही. दाजी आणि मेव्हणी यांच्यात थट्टा चालायचीच, त्यात रागवायचं काय, असाच तिथला कायदा. शिवाय ते जावई. जावयाला शब्द लावायचा म्हणजे मामाच्या घराला लावायचा. त्यानंतर मी जिथं जाईन तिथं ते वाक्य माझ्या आधी पोचलेलं असे. बारशाला, हळदीला, दहाव्याला सुद्धा. मी उंबऱ्यातून आत आले की कुणीतरी म्हणायचं, “काय गं, जिवंत हाय का?” आणि दाजी तिथं असले तर त्यांचा चेहरा आपल्या हातच्या कामाचं कौतुक ऐकल्यासारखा खुलायचा.

सुडाविषयी आपल्याकडे फार वाईट बोललं जातं. तो माणसाला जाळतो, पोखरतो वगैरे. मला त्यानं उठवलं. आत्मविश्वास वाढवायला लोक काय काय सांगतात, आरशासमोर उभं राहा, दीर्घ श्वास घ्या, मनात चांगले विचार आणा. मी मनात एकच विचार आणला. एक दिवस याच माणसाच्या पुढे माईक धरायचा, आणि त्याचंच वाक्य त्याच्या झोळीत परत टाकायचं. इतका स्पष्ट हेतू मला आयुष्यात पूर्वी कधी मिळाला नव्हता. एसटीत पहिल्यांदा ‘थांबवा’ म्हणाले तेव्हा समोर कंडक्टर नव्हता, दाजी होते.

पुढच्या वर्षी मी दौंडला आत्याकडे राहायला गेले. आत्याचे यजमान रेल्वेत होते, कॉलनीत त्यांचं कौलारू क्वार्टर होतं, आणि जवळच कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथं पाटसकडून येणारी एक मुलगी भेटली. तिचं घराणं पूर्वी मेंढरामागं फिरणारं, आता कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारं, आणि भावाचा मांडव-स्पीकरचा धंदा. तिचा आवाज असा की वर्गात ती पेन मागायची आणि रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. “आमच्या घरात हळू बोललं की आजारी हाय का इचारत्यात,” ती म्हणायची. माझ्याशी ती का बोलू लागली हे मला कधी उलगडलं नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तू ऐकतीस. बाकी सगळी आपली पाळी यायची वाट बघत्यात.” तिला मी लग्नातली गोष्ट सांगितली. ती हसली नाही, की मला ‘बिचारी’ म्हणाली नाही. तिनं दोन शिव्या दिल्या, नीट, चवीनं, आणि विचारलं, “मग, कवा करायचं?”

शिकवणी तिनं कालव्यावर घेतली. एका काठावर ती, दुसऱ्या काठावर मी, मध्ये संथ हिरवट पाणी. दिवसभरात काय झालं ते तिला तिथून सांगायचं. “ऐकू न्हाई आलं,” ती ओरडायची, आलेलं असलं तरी. कारखान्याचा हंगाम सुरू होता. मागच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, त्यांच्याही वर आवाज न्यावा लागे. आत्याच्या घरची भांडणं, स्टेशनवर रोज दिसणारा आणि मला आवडणारा एक मुलगा, आईवरचा माझा राग, सगळं मी त्या पाण्यावरून ओरडून सांगितलं. लोक मैत्रिणीच्या कानात सांगतात ते मी आख्ख्या शिवाराला सांगून मैत्री केली. एकदा मी सगळा जोर लावून म्हणाले, “मला दाजींचा सूड घ्यायचाय,” तर खाली म्हैस धुणाऱ्या, जवळच्या वस्तीवरच्या एका आप्पांनी मान वर करून विचारलं, “कंच्या दाजींचा?” त्या दिवशी मी इतकी हसले की काठावर बसावंच लागलं. पोटभर हसण्यासाठी शेजारी कुणीतरी लागतं हे मला तिथं कळलं.

माईक कसा धरायचा हेही तिनंच दाखवलं, भावाच्या गोदामात, गुंडाळलेल्या सतरंज्यांसमोर. “त्वांडाम्होरं न्हाई, हनुवटीखाली धर. चार बोटं अंतर. मग शब्द तेवढं जात्यात, श्वास न्हाई जात.” मी तिच्याकडे पाहतच राहिले. म्हणजे त्या दिवशी माझ्या श्वासाचा दोष नव्हता. कुणाचाही श्वास ओठांना टेकवलेल्या माईकमधून तसाच गेला असता. दाजींचाही गेला असता. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला, कारण दाजींना ते ठाऊक होतं.

मग एका वाढदिवसाला निवेदक आला नाही आणि तिनं मला पुढे ढकललं. मांडवात ढकलली गेले होते तेव्हा मागे हसणारे लोक होते, या वेळी मागे ती होती, मिक्सरजवळ, आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांवर बोटं ठेवून. बस, एवढाच फरक. त्यानंतर बोलावणी येत गेली. बायकांनी लग्नात माईक घ्यायची पद्धत तेव्हा नवी होती, लोकांना अप्रूप होतं. फुलवाले, फेटे बांधणारे, आचारी, फोटोवाले, अशी माझी माणसं झाली. आज शिरूरपासून दौंडपर्यंत कुठंही एसटीतून उतरले तर चहा पाजणारं कुणीतरी भेटतं. ही सगळी जत्रा एका अपमानाच्या पायावर उभी आहे, हे मी रोज आठवते आणि रोज मला त्याचा राग येतो. माझं चांगलं झालं त्याचं श्रेय त्या माणसाला जावं, हे मला सोसत नाही.

आणि मग तो दिवस आला. मामाच्या धाकट्या मुलीचं लग्न. मामांनी स्वतः सांगितलं, “पोरी, माईक तूच घ्यायचा.” दाजींचं माईकचं राज्य तोवर गेलेलं होतं, सगळीकडे आता ठरवून आणलेले निवेदक असत. ते पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. जावयांच्या मानाची वेळ झाली. आमच्याकडे मांडवात ज्याचं नाव पुकारलं जात नाही तो जेवायला थांबत नाही, आणि जावई तर वर्षभर बोलत नाही. मी एकेक जावई बोलावत गेले. चुलत घरातले, दूरचे, परवा परवा साखरपुडा झालेले. प्रत्येक नावाच्या वेळी दाजींचे हात गुडघ्यांवर जात, उठायच्या बेतानं, आणि परत मांडीवर येत. मी ते बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू.

शेवटी मामा घामाघूम होऊन व्यासपीठाशी आले. “अगं बाय, थोरल्या जावयांचं राहिलं.” मी मान डोलावली. याच क्षणाची मी इतकी वर्षं उजळणी केली होती. मी म्हणाले, “थोरले दाजी कुठं दिसत नाहीत, मंडळी. जिवंत हायत का?”

मांडव हसला नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही. माझा आवाज मलाच उघडा, लहानसा ऐकू आला, आणि कळलं की कर्ण्यांतून काही गेलंच नाही. मी मिक्सरकडे पाहिलं. मैत्रिणीचं बोट माझ्या बटणावर होतं, बटण तळापर्यंत खाली ओढलेलं. ते वाक्य फक्त पहिल्या रांगेतल्या एका माणसानं ऐकलं. दाजींचा चेहरा उतरला. मग तिनं बटण वर केलं, आणि माझ्या तोंडून, मानानं, थोरल्या जावयांचं नाव गेलं.

त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. माझ्या तोंडातला घास तिनं काढून घेतला होता. “तुला तेला सांगायचं हुतं ना?” ती वायर गुंडाळत म्हणाली. “तेनं ऐकलं. भर लग्नात बाकीच्यांनी कशाला ऐकायचं? नवरी तुझी बहीण हाय.” मी म्हणाले, माझ्या वेळी सगळ्यांनी ऐकलं होतं. ती म्हणाली, “व्हय. तवा तुझ्या बटणावर कुणी न्हवतं.” तरी मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी कालव्याच्या माझ्या काठावर जाऊन उभी राहिले. ती पलीकडे आलेलीच होती. “ऐकू न्हाई आलं,” ती ओरडली, मी काही बोलायच्या आधीच.

दाजींनी त्यानंतर मला कधी ‘जिवंत हाय का’ विचारलं नाही. कुणालाच विचारू दिलं नाही, असंही कानावर आलं. क्षमा मात्र त्यांनी मागितली नाही, आणि मीही द्यायला बसलेली नव्हते. गेल्या महिन्यात ते घरी आले. पिकलेल्या मिशा, हातात पत्रिका. कडेवरची ती मुलगी आता नवरी होती. “ताई, माईक तुमच्याकडंच पायजे,” ते म्हणाले. ज्या माणसानं मला जन्मभर ‘ए’ म्हटलं त्यानं ‘तुम्ही’ म्हटलं. मला विरघळायला हवं होतं. मी चहा दिला आणि तारीख लिहून घेतली.

तर आज दुपारी पुढारी आले, सनई थांबली, आणि मिक्सरजवळून मैत्रिणीनं अंगठा वर केला. आता केसांत पांढरं आहे तिच्या. पहिलं नाव नवरीच्या वडिलांचं घ्यायचं होतं. दाजी पहिल्या रांगेत होते, हात गुडघ्यांवर. मी माईक हनुवटीखालून उचलला, ओठांना टेकवला आणि काही न बोलता एक श्वास सोडला. मोठा, सावकाश. तो सगळ्या कार्यालयातून फिरून बाहेर रस्त्यापर्यंत गेला. माईक सुरू झाला एवढंच लोकांना कळलं, कुणी बोलणंही थांबवलं नाही. दाजींची बोटं मात्र गुडघ्यांवर रुतली, आणि त्यांनी मान खाली घातली. मी मिक्सरकडे पाहिलं. बटणावरचं बोट जागचं हललं नव्हतं.

मग मी माईक चार बोटं खाली घेतला आणि त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. लेकीचं लग्न छान झालं. जिलबी चांगली होती. संध्याकाळी वायरी गुंडाळताना मी माईक फडक्यानं पुसला, पण जाळीत जे जातं ते फडक्यानं निघत नाही. उद्या तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाच्या तोंडाशी जाईल. त्या पान-तंबाखूच्या खाली माझा आजचा श्वास आहे, आणि तो वेगळा ओळखू येणार नाही. ज्याला ओळखायचा होता त्यानं तो ओळखला.