बिनकामाचं चालणं

"हा हार्ट अटॅक आहे," ईसीजीची पट्टी पाहून शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आई सकाळपासून "पित्त झालंय" म्हणत सोडा पीत होती. त्याच दिवशी पुण्यात तिची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिनीत जाळी बसवली.

घरी सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "आता कार्डियाक रिहॅबिलिटेशन. ते टाळलंत तर पुन्हा अटॅकचा धोका वाढेल." म्हणजे देखरेखीखाली व्यायाम करून हृदयाला ताकद आणणं. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुण्यात.

आम्ही दोनदाच गेलो. दोन एसट्या बदलून पोचेपर्यंत आई थकायची. बाकीचे पेशंट बूट घालून ट्रेडमिलवर चढायचे. आई चपला हातात घेऊन कोपऱ्यात उभी. तिसऱ्या वेळी म्हणाली, "माझं न्हाई हे काम." मी चिडले. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मला वाटलं, हिला कळत नाही.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "गावातच चालू द्या. मी दर आठवड्याला फोन करीन. चालताना बोलता येईल, इतकाच वेग."

दोन दिवसांत तेही थांबलं. तेव्हा कुठे मी आईला विचारलं, काय अडतंय. शिरूर-दौंड रस्त्यालगतच्या आमच्या वस्तीवर बाई बिनकामाची रस्त्यानं जात नाही. जो तो विचारायचा, "कुणाच्या रानात चाललीस?" आजार सांगावा, तर पुढे खुरपणीच्या मजुरीला तिला कोण बोलावणार? म्हणून कामाला निघाल्यासारखं दिसावं, यासाठी मीच तिच्या हातात खुरपं दिलं. आठव्या दिवशी ते पाहून एका शेतकरीणबाईंनी हाक मारली. आईला नाही म्हणवेना. दोन तास कांदा खुरपून घामाघूम होऊन परतली. चूक माझी होती.

संध्याकाळी आई स्वतःच सुंदराअक्कांकडे गेली. खुरपणीची टोळी त्याच नेतात.

"अक्का, मला अटॅक आलता. बारा आठवडे नुसतं चालायचं हाय. टोळीत माझी जागा ऱ्हाईल का?"

"आगं, मग खुरपं घिऊन कुणाला फसवतीस? जागा कुठं पळून चाललीय? रिकाम्या हातानं चाल, न्हाईतर मीच झोडपीन!"

दुसऱ्या दिवसापासून टोळी निघाली की आई गप्पा मारत बांधापर्यंत जायची आणि माघारी फिरायची. बायका चिडवायच्या, "निघाली बघा साहेबीण!" बारा आठवडे पूर्ण झाले. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिली.

तुमचा पेशंट व्यायामाला जात नसेल, तर चिडण्याआधी त्याला काय अडतंय ते विचारा. मी उशिरा विचारलं. मॅडम आणि अक्कांमुळे निभावलं.

परवा आई अटॅकनंतर पहिल्यांदा टोळीत खुरपायला बसली. दुपारी उठून म्हणाली, "अक्का, आज एवढंच."

"व्हय, जा," अक्का म्हणाल्या. "उद्या ये."